दौलतरावांच्या बंदुकीची किंमत

दुकानात नवा माणूस आला की तो आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या मागच्या दाराकडे बघतो आणि विचारतो, "मालक कुठं गेले?" सुरुवातीला मला राग यायचा. पुढं पुढं मी सांगायला लागले, "मालक चहा प्यायला गेलेत, बसा." मग चहा मागवायचा, त्याच्यासमोर आपणच प्यायचा आणि म्हणायचं, "हं, झाला मालकांचा चहा. बोला आता." वर्ध्याच्या बाजारात बंदुकांचं दुकान एक बाई चालवते, हे पचायला माणसाला तेवढा वेळ द्यावा लागतो.

दुकान माझ्या वडिलांचं. घरात आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दादांना आम्ही दोघी मुली. थोरलीला सुई टोचली तरी घेरी यायची, म्हणून दुकान धाकटीच्या गळ्यात पडलं, असं ते पाहुण्यांना सांगत. खरी गोष्ट अशी की मला तेल लावलेल्या लोखंडाचा वास आवडायचा आणि थोरलीला आवडायचा नाही. दादांच्या हाताखाली मी दुरुस्ती शिकले. ते गेल्यावर विक्रीचा आणि दुरुस्तीचा परवाना माझ्या नावावर झाला. आता गुडघे कुरकुर करायला लागलेत, तेव्हा दुकान हळूहळू आवरतं घेते आहे.

लोकांना वाटतं, बंदुकीचं दुकान म्हणजे दरोडेखोर, वाघ आणि भानगडी. मला सगळ्यात जास्त भेटले ते वारस. म्हातारा जातो, मागे घर राहतं, शेत राहतं आणि कोपऱ्यात एक बंदूक राहते. घर-शेत वाटून घेता येतं. बंदूक वाटता येत नाही आणि तशीच ठेवताही येत नाही, कारण परवाना म्हाताऱ्याच्या नावाचा असतो आणि त्याच्याबरोबरच संपतो. मग ती पोलीस ठाण्यात नाहीतर माझ्यासारख्या दुकानदाराकडे जमा करायची आणि ठरवायचं, कोणा वारसाच्या नावावर परवाना मागायचा की विकून मोकळं व्हायचं. विकायची म्हटली की पहिला प्रश्न येतो, हिची किंमत काय?

आमच्या भागात या बंदुका बहुतेक ठासणीच्या. लोक 'भरमार' म्हणतात, आणि ऐटीत यायचं असलं की 'रायफल' म्हणतात. रायफलच्या नळीत आतून पीळदार आटे असतात. भरमारची नळी बहुधा आतून गुळगुळीतच निघते. काडतूस वगैरे काही नाही. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर चिंधी, मग छर्रे, पुन्हा चिंधी, आणि लांब गजानं ठासायचं. मागच्या अंगाला एक छोटी पोकळ बोंडी असते, तिच्यावर तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी बोंडीच्या भोकातून आत जाते आणि बार निघतो. एवढं सगळं होईपर्यंत रानडुक्कर अर्धं वावर उकरून निघून गेलेलं असतं. तरी डुकरं आणि नीलगाईंपासून पीक राखायला म्हणून एके काळी शेतकऱ्यांना याच बंदुकांचे परवाने मिळाले. बोर अभयारण्याला लागून असलेल्या गावांत त्या अजून सापडतात.

किंमत काढायची माझी पद्धत दादांचीच. बंदूक हातात आली की आधी गज नळीत सोडायचा, तोंडाशी बोटानं खूण धरायची, आणि तोच गज नळीला बाहेरून लावून बघायचा. गज तळापर्यंत गेला नसेल तर आत दारू भरलेली आहे. गेलेल्या माणसानं भरून ठेवलेली बंदूक खुंटीला आणि तिच्याखाली सगळं घर गाढ झोपलेलं, हे मी पाहिलं आहे. गज तळाला टेकला की मग नंबर परवान्याशी ताडायचा. मग शिक्के बघायचे. मग घोडा ओढून कान द्यायचा, दोनदा 'टक' असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. मग दस्ता, म्हणजे मागचं लाकूड, भेगांसाठी चाचपायचा. शेवटी कापूस. बोंडीवर कापसाची हलकी चिमूट ठेवायची आणि नळीला तोंड लावून फुंकर मारायची. कापूस उडाला तर वाट मोकळी आहे, बंदूक जिवंत आहे.

एवढं झालं की नागपूर-अमरावतीच्या दुकानदारांना फोन. कारण किंमत बंदुकीच्या वयावर ठरत नाही. तसला परवाना असलेला आणि ती हवी असलेला माणूस आज कुठं आहे का, यावर ठरते. हे वारसांना सांगणं फार जिवावर येतं, कारण त्यांनी घरून निघतानाच मनात आकडा धरलेला असतो.

एकदा एक मास्तर आले. त्यांनी मोबाइलवर परदेशातल्या कुठल्याशा लिलावाचा व्हिडिओ दाखवला. आपल्या बंदुकीवरही असाच राणीचा मुकुट आहे, असं त्यांचं म्हणणं. मुकुट होता, फक्त उलटा होता. कोणा गावातल्या कारागिरानं साहेबाच्या बंदुकीवर बघून कोरला असणार. मी भिंग पुढं केलं. मास्तरांनी बराच वेळ निरखलं आणि म्हणाले, "राणी शीर्षासन करत असतील त्या वेळी." आम्ही दोघं पोट धरून हसलो. इतका खिलाडू वारस मला पुन्हा भेटला नाही.

दुसरा गिरडच्या बाजूचा एक शेतकरी. पाहुणे मुलगी बघायला यायचे म्हणून घराला रंग देतात, तशी त्यानं बंदूक सजवून आणली. खिडक्यांचे ग्रिल बनवणाऱ्याकडून नळी मशीनवर घासून घेतली होती आणि दस्त्याला दारांचा उरलेला हिरवा ऑइल पेंट मारला होता. "पाहा ताई, कशी चमकून राह्यली. आता भाव येईन." मी नळीवर नंबर शोधला. नंबरही घासला गेला होता. बिननंबरची बंदूक म्हणजे कायद्याच्या नजरेत चोरीची बंदूक. बिचारा कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून दमला आणि शेवटी ती सरकारजमा करून मोकळा झाला. म्हणून वाचकांच्या घरी अशी बंदूक असलीच, तर विकायच्या आधी तिला हात लावू नका. तिच्यावरची घाणसुद्धा आमच्या कामाची असते.

मिलिंदनं आणलेल्या बंदुकीवर घाण भरपूर होती.

मिलिंद हिंगणीचा. चाळिशी ओलांडलेला, अंगानं काटक. वांगी, पालक, सांभार (म्हणजे तुमची कोथिंबीर) घेऊन वर्ध्याच्या बाजारात येतो. त्याचे वडील दौलतराव माझ्या ओळखीचे होते. दादा होते तोवर ते दरवर्षी दसऱ्याच्या आधी बंदुकीला तेलपाणी करून घ्यायला येत. उंच माणूस, विहारातल्या कार्यक्रमाला निघाल्यासारखा पांढराशुभ्र सदरा. दारू, टोप्या काही देऊ का विचारलं की म्हणत, "हाये अजून." मी मनात म्हणायची, भारीच चिक्कू दिसतोय बुवा. दादा मात्र त्यांच्या बंदुकीला मला कधी हात लावू देत नसत, आणि तेलपाण्याचे पैसेही घेत नसत. दादा गेल्यावर दौलतरावांचं येणं बंद झालं. आता ते स्वतःच गेले होते आणि मुलगा पोलीस ठाण्याचा परवानगीचा कागद घेऊन, गोधडीत गुंडाळलेली बंदूक घेऊन समोर उभा होता.

त्यानं मालक कुठं गेले असं विचारलं नाही. किती येतील असंही विचारलं नाही. गोधडी सोडली आणि म्हणाला, "ताई, हे चालते का?"

"विकायची आहे ना?"

"इकाचीच हाये. पण आंधी मले एवढं सांगा, हे चालते का."

माझ्या इतक्या वर्षांत किमतीआधी हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, बस आधी. मालकांसाठी नाही, त्याच्यासाठीच चहा मागवला. चहाचा ग्लास हातात धरून तो बोलायला लागला.

"बाबानं माह्या देखत एकच बार काढला, ताई. मी लहान होतो. डोक्यावर भाकरीची टोपली घेऊन वावरात चाललो होतो, तुरीतून. मी दिसत नव्हतो एवढी उंच तूर. आन् धडाम्! कानात नुसतं घूं घूं. मले वाटलं बाबानं डुक्कर पाडलं. मी नाचतच गेलो त्याच्यापाशी. त्यानं मले एक थापड हाणली आन् मंग पोटाशी असं धरलं का सोडेचना. डुक्कर-बिक्कर काईच नव्हतं. पण मी शाळेत किती दिवस सांगत होतो, माह्या बापानं बार काढला म्हून."

सांगताना तो हसत होता. मग ग्लास खाली ठेवला.

"मंग रातीचे आवाज येत वावरातून. लोक म्हणत, दौलतबाप्पूची बंदूक वाजली. पण ज्या दिवशी काढाचा होता, त्या दिवशी बार नाई काढला त्यानं."

तो दिवस त्यानं तुटक तुटक सांगितला. मिलिंद तेव्हा कॉलेजात होता आणि सुट्टीला घरी आला होता. शेजारच्या वावरात नामदेव म्हणून त्यांच्याच मोहल्ल्यातले गृहस्थ गवत कापत होते. धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या झुडपातून डुक्कर निघालं आणि त्यानं त्यांची मांडी फाडली. दौलतराव खांद्यावर बंदूक घेऊन पलीकडेच होते. आरडाओरडा झाला, गावातून माणसं धावली, पण बार कोणालाच ऐकू आला नाही. माणसं पोचेपर्यंत डुक्कर पळालं होतं, नामदेव वाचले. पाय मात्र कायमचा ताठ झाला. तेव्हापासून नामदेव एकच सांगत आलेत की दौलतच्या हातात बंदूक होती आणि त्यानं बार काढला नाही.

"मी पोहोचलो तं नामदेवकाका रक्तात पडलेले. बाबा बाजूले उभा, हातात बंदूक. मी चारचौघात म्हणलं त्याले, भेकड हायेस तू. नुसतं लाकूड घेऊन फिरतेस खांद्यावर. त्यानं नामदेवकाकाले बैलबंडीत टाकलं आन् मंग घरी निंगून गेला." त्यानंतर बाप-लेक बियाण्याचं बोलले, पाण्याचं बोलले, बाजारभावाचं बोलले. बंदुकीचं नाव दोघांनी काढलं नाही. "आता बाबा नाई. मले एवढंच पाहाचं हाये, ताई. चालत होती आन् त्यानं चालवली नाई, का चालतच नव्हती?"

तो माझ्याकडे निकाल मागायला आला होता. बंदूक चालती निघाली तर बाप भित्रा ठरणार होता. नाही निघाली तर यानं विनाकारण बापाला आयुष्यभर टोचणी दिली होती. त्याला कोणतं उत्तर हवं होतं हे त्यालाही ठाऊक नसावं. मला तर त्या बंदुकीला हात लावायचीच भीती वाटली.

पण धंदा धंदा आहे. गज सोडला, तळाला टेकला, नळी रिकामी. नंबर परवान्याशी जुळला. घोडा ओढला, टक, टक, अगदी नव्यासारखा. मिलिंदचा चेहरा उतरला. दस्ता मानेपाशी मोडलेला होता आणि भांड्याच्या पितळी पत्र्यानं, खिळे ठोकून, घरीच कसाबसा जोडलेला होता. मग मी कापूस ठेवला आणि फुंकर मारली. कापूस हलला नाही. पुन्हा मारली, गाल दुखेपर्यंत. कापूस होता तिथंच.

"म्हंजे?" मिलिंदनं विचारलं.

मी म्हटलं, घाई करू नकोस. गंजानंही वाट बुजते, आणि गंज त्या दिवसानंतरही चढलेला असू शकतो. उघडून बघावं लागेल. जमा झालेली बंदूक उघडायची तर सगळ्या वारसांसमोर उघडायची, हा दादांचा नियम. वारस दोघंच, तो आणि त्याची आई. मी त्याला आईला घेऊन यायला सांगितलं.

दोन-चार दिवसांनी तो पार्वताबाईंना घेऊन आला. पांढऱ्या केसांचा छोटासा अंबाडा, बारीक चण, एसटीतून उतरून उन्हात चालत आल्यामुळे धाप लागलेली. मी पाणी दिलं. बंदूक टेबलावर शिकंज्यात धरलेली बघितली आणि त्यांनी ग्लास तसाच खाली ठेवला.

"उघडू नोका, बाई."

"काऊन, माय?" मिलिंद म्हणाला.

"उघडू नोका म्हणते ना. किंमत-बिंमत नोको आमाले. तशीच देऊन टाका कोनाले."

"माय, मले पाहाचं हाये."

पार्वताबाईंनी मग पदरानं तोंड पुसलं आणि हळूच म्हणाल्या, "मंग पाह्य बाप्पा. आता तुहा बापबी नाई अडवाले."

बोंडीशेजारी एक स्क्रू होता. मी त्यावरचं मेण आणि मळ काडीनं साफ केला, आणि माझा हात थांबला. स्क्रूची खाच नळीच्या अगदी सरळ रेषेत होती. ही दादांची खोड. कुठलाही स्क्रू ते घट्ट करून सोडून देत नसत. डोकं घासून, पुन्हा बसवून, खाच नळीच्या रेषेत आली की मगच हातातला पेचकस ठेवत. दुसरे कारागीर त्यांची टिंगल करायचे. आमच्या जिल्ह्यात हे दुसरं कोणी करत नव्हतं, मी सोडून.

स्क्रू काढला. बोंडी काढली. तळहातावर घेतली तेव्हा ती जड लागली. वरून भोक होतं, पण ते दिखाव्यापुरतं, पुढं आत लोखंड भरीव होतं. कोणी लेथवर मुद्दाम तशी बनवली होती. तिच्याखाली नळीत जाणारी वाट पितळ ओतून बंद केलेली. गंजानं वाट बुजते, पण गंज पितळ ओतत नाही. बाहेरून कोणी बघितलं, ठाण्यात बघितलं, निवडणुकीत जमा करताना बघितलं, तरी शंका येणार नाही इतकं नेटकं काम. मी या कामाच्या वेळी याच दुकानात, दादांच्या शेजारच्या स्टुलावर बसत असणार. मला पत्ता नव्हता.

मी दोघांना सरळ सांगितलं, "ही बंदूक माझ्या वडिलांनी बंद केलेली आहे. फार जुनं काम आहे. नामदेवकाकांच्या प्रसंगाच्या कितीतरी आधीचं, कारण दादा त्याआधीच गेले. त्या दिवशी ही चालणं शक्यच नव्हतं."

मिलिंद आईकडे वळला. पार्वताबाई टेबलाकडे बघूनच बोलल्या.

"तुमचे दादा लय भले माणूस, बाई. त्याईनं कोनालेच सांगतलं नाई." मग मुलाला म्हणाल्या, "तुले आठोते नं, तू टोपली घेऊन तुरीतून गेलता? तुरीत खसखस झाली. तुह्या बापाले वाटलं डुक्कर. त्यानं बार काढला. आन् तुरीतून तू नाचत आला."

मिलिंद स्टूल ओढून बसला. पार्वताबाई पुढं सांगत राहिल्या.

"टोपलीवरच्या फडक्याले छर्‍याची भोकं होती. तू पाह्यलं नाई. म्यां ते फडकं चुलीत टाकलं. दुसऱ्या दिशी तुले तुह्या आजीपाशी ठेवून आमी दोघं इथं आलतो. तुह्या बापाच्यानं बंदूक हातात धरवेना, मीच धरून होती एसटीत. याईच्या दादाले त्यानं म्हणलं, ह्याच्यातून पुन्हा कधी काई निंगू नये असं करून द्या."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "मग परतच का नाही केली?"

"कशी परत करन? आमच्या मोहल्ल्यात पह्यला परवाना त्याचा. बंदूक खांद्यावर राह्यली का गावातले लोक नीट बोलत, बाई. आन् काऊन परत केली म्हून इचारलं तं काय सांगन?"

"आन् ते रातीचे बार?" मिलिंदनं विचारलं.

"सुतळी बॉम. दिवाईत वर्साचे घेऊन ठेवत होतो. गव्हाच्या कोठीत, सादळू नये म्हून."

मला हसू फुटलं, आवरेना. अख्खा गाव, पाटील, बीट जमादार, सगळे वर्षानुवर्षं सुतळी बॉम्बला दौलतरावांची बंदूक म्हणत होते. पार्वताबाईही तोंडाला पदर लावून हसल्या. "हा पोट्टा दिवाईत रडे, मले बॉम द्या म्हणे. बाप देत नव्हता. मोजूनच राहत ते." मिलिंद मात्र हसला नाही.

मग मला दस्त्याची आठवण झाली. मी बंदूक शिकंज्यातून काढून उलटी धरली. बंदूक हातातून पडली की दस्त्याला लांब उभी भेग जाते. हा मानेपाशी आडवा मोडलेला होता, आणि मागच्या टोकाची लोखंडी पट्टी आत चेपली होती. बंदूक नळीकडून धरून, दोन्ही हातांनी, कशावर तरी जोरानं हाणल्याशिवाय असं होत नाही. मी ते मिलिंदला बोटानं दाखवलं.

"रगत लागलं होतं त्याले," पार्वताबाई म्हणाल्या. "डुकराचं. म्यांच धुतलं. नामदेव पालथा पडला होता, त्याले काय दिसन? बार नाई वाजला एवढंच त्यानं ऐकलं."

डुकराच्या अंगावर नुसतं लाकूड घेऊन जाणारा माणूस. मी इतक्या बंदुका हाताळल्या, त्यांच्या मालकांच्या शिकारीच्या बढाया ऐकल्या, पण एवढी छाती असलेला माणूस मला दुसरा माहीत नाही. आणि मी त्याला चिक्कू म्हणत होते.

मिलिंदनं चेपलेल्या पट्टीवर अंगठा ठेवला. "मंग मले काऊन नाई सांगतलं, माय? मी भेकड म्हणलो तवा तरी?"

"म्यां म्हणलं त्याले, सांगून टाका पोराले. रोज म्हणलं. तो म्हणे, बाप भेकड होता, हे ध्यानात ठेवून माणूस जगू शकते. बापानं आपल्यावर बार काढला, हे घेऊन कसा जगन? म्हणे, राहू दे. म्हणू दे त्याले."

मिलिंद रडला. वावरात राबणारा एवढा बाप्या माणूस टेबलावर डोकं टेकून रडला, आणि त्याची आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मीही रडले. मला दादांचा थोडा रागही आला, की शेजारच्या स्टुलावर बसलेल्या मुलीलासुद्धा सांगितलं नाही. पण मला सांगितलं असतं तर मी ते कधीतरी कोणालातरी बोललेच असते, हेही खरं.

नंतर मी दुकानदाराचं कर्तव्य केलं. मिलिंदला म्हटलं, पितळ काढून नवी बोंडी बसवणं मला अवघड नाही. दस्ता बदलू. नागपूरला एक फार्महाऊसवाले चालू भरमार शोधताहेत, त्यांच्याकडे परवाना आहे. चांगली किंमत येईल.

"म्हंजे ते पुन्हा चालन?"

"चालेल."

"नाई, ताई. बाबानं बंद केली, ते बंदच राहू द्या."

मग उरला एकच रस्ता. दुरुस्त करूनही जी चालू शकत नाही, ती वस्तू कायद्यानं बंदूक राहत नाही. कचेरीची परवानगी काढून, नळी कायमची निकामी करून, पोलिसांना दाखवून ती घरी ठेवता येते. अर्ज झाले, चकरा झाल्या, 'साहेब रजेवर आहेत' झालं. परवानगी आली तेव्हा वांग्यांचा एक हंगाम संपून गेला होता. दादांनी वाट मागून बंद केली होती, मी नळी पुढूनही बंद केली. दस्त्याला हात लावला नाही. भरीव बोंडी होती तिथं बसवली आणि स्क्रूची खाच नळीच्या रेषेत आणली. दादा गेल्यावर त्यांच्याबरोबर एकाच बंदुकीवर केलेलं माझं हे एकच काम.

मिलिंद ती न्यायला आला तेव्हा मी माझ्या दुकानाचा दाखला तयार ठेवला होता. फक्त किमतीची जागा कोरी होती. त्यानं ते बघितलं आणि पहिल्यांदाच विचारलं, "आता सांगा ताई, किती?"

"बंदूक म्हणून? शून्य."

"मंग तसंच लिहा."

मी लिहिलं, सही केली, शिक्का मारला. त्यानं बंदूक गोधडीत गुंडाळली नाही. तशीच हातात घेऊन बाहेर निघाला. ऑटो उभा होता आणि ऑटोत एक म्हातारे गृहस्थ एक पाय सरळ बाहेर काढून बसले होते. मिलिंद म्हणाला, "हे नामदेवकाका. मी सगळं सांगतलं त्याईले. म्हणे, मीबी येतो."

नामदेवकाकांनी हात पुढं करून बंदूक मागून घेतली आणि चेपलेली पट्टी बोटांनी चाचपत बसले. माझ्याकडे बघून विचारलं, "काय किंमत निंगाली?"

"शून्य, काका."

त्यांनी मान हलवली. मग बंदूक आपल्या खांद्यावर टेकवली आणि मिलिंदला म्हणाले, "ऑटोवाल्याले सांग, गावाच्या अल्याड थांबवजो. हे घेऊन मी पायी जातो दौलतच्या घरापर्यंत."